पोरं टिकत नाहीत म्हणणाऱ्या मालक-मॅनेजरांसाठी: कामाच्या जागेचं मानसशास्त्र शेडमध्ये कसं आणायचं

कुपवाडला जा, मिरज एमआयडीसीत जा, पलूसला, विट्याला, नाहीतर साताऱ्यातल्या कुठल्याही शेडमध्ये मालकासमोर बसा, चहा यायच्या आत एक वाक्य ऐकायला मिळतंच, "माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत." पोरगं सहा महिने शिकतं, मशीनवर हात बसतो, आणि मग चाकणला जातं, शिरवळला जातं, किंवा काहीच न सांगता यायचंच बंद होतं आणि फोन पण उचलत नाही. मग निष्कर्ष ठरलेला, हल्लीच्या पोरांना कामच नको. मला हे अजिबात पटत नाही. हीच पोरं गणपतीच्या मंडपासाठी रात्र रात्र जागतात, छाटणीच्या दिवसात पहाटे पाचला द्राक्षबागेत उभी असतात. त्यांना कंटाळा येतो तो आपण शेडमध्ये काम ज्या पद्धतीनं मांडून ठेवलंय त्याचा.

हा लेख वीस ते दीडशे माणसांच्या युनिटसाठी आहे. मशीन शॉप, फाउंड्री, यंत्रमाग, बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज, छोटं हॉस्पिटल, काहीही असू दे. मोठ्या कंपनीत एचआरचा स्वतंत्र विभाग असतो, आपल्याकडे मालक, एखादा मॅनेजर आणि दोन-तीन सुपरवायझर एवढंच असतंय, त्यामुळं त्यांनाच करता येईल असंच सांगतोय. आणि माझं म्हणणं एकच आहे, माणूस सुधारायला जायच्या आधी काम सुधारा. एक दिवसाचं मोटिव्हेशनचं भाषण, टी-शर्ट, दिवाळीचा मिठाईचा पुडा, हे सगळं द्या, चांगलंच आहे, पण रोजचं काम तसंच राहिलं तर सोमवारी परत जैसे थे.

ही बाहेरून आलेली फॅशन आहे असंही समजू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, आज ते किर्लोस्करवाडी म्हणून आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. त्या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून नेमलं. माणसावर विश्वास टाकला की तो त्या विश्वासाला जागतो हे त्यांनी वागून दाखवलं. पुढच्या शंभर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून जे मोजलं त्यातला बराचसा भाग याच्याच आसपास येतो.

पहिलं काम: ऐका, पण ऐकायची पद्धत नीट ठेवा

काहीही बदलायच्या आधी निदान दोन-तीन आठवडे फक्त ऐकायचं. पन्नास प्रश्नांचा छापील फॉर्म वाटू नका, तीस माणसांच्या युनिटमध्ये फॉर्म कशाला, आणि हस्ताक्षरावरून कोण ते कळतंच म्हणून सगळे "चांगलं आहे"वर टिक मारून मोकळे होतात. एकेकाशी बोला. केबिनमध्ये नको, केबिनमध्ये माणूस उभा राहतो आणि "हो साहेब" म्हणतो. कँटीनच्या कोपऱ्यात, टपरीवर, शिफ्ट सुटायच्या आधीच्या वीस मिनिटांत, आणि त्याचा सुपरवायझर तिथं नसताना. ही वीस मिनिटं कामाच्या वेळातली पाहिजेत, सुटल्यावर थांबवून घेतलं तर त्याचं सगळं लक्ष शेवटच्या एसटीकडे.

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाच्या टेलिफोन साहित्याच्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग चालले होते, उजेड वाढवला तर उत्पादन वाढतं का वगैरे. पुढं १९२८ नंतर तिथं वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला ठराविक प्रश्न विचारायचे, मग लक्षात आलं की कामगाराला भलतंच काहीतरी सांगायचं असतं, तेव्हा प्रश्न बाजूला ठेवले आणि त्याला बोलू दिलं. आपणही तेच करायचं. तीन प्रश्न पुरतात: दिवसातला सगळ्यात डोक्याला ताप देणारा भाग कुठला, तुझ्या हातात असतं तर उद्यापासून काय बदललं असतंस, आणि मागच्या महिन्यात कुठल्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं होतं. बाकी गप्प बसा. उत्तर देऊ नका, समर्थन करू नका, "अरे पण तुला माहीत नाही" असं तर चुकूनही म्हणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं पुढचं आहे. ऐकून झाल्यावर आठवडाभरात सगळ्यांना उभ्या उभ्या सांगायचं की एवढ्या गोष्टी कळल्या, यातल्या या दोन लगेच करतोय, ही एक दिवाळीनंतर, आणि ही जमणार नाही, कारण असं असं. कोण काय बोललं ते नाव मात्र कधीच बाहेर पडता कामा नये. विचारून काहीच केलं नाही तर न विचारलेलं बरं होतं, पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

दुसरं: पगार, वेळ, पाणी, संडास

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गनं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून १९५९ मध्ये मांडलं की नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या असतात. पगार, नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा हे बिघडलं की माणूस चिडतो, पण ते नीट केलं म्हणून तो कामावर खूश होतो असं नाही. पुढं या मांडणीवर बरेच वाद झाले, पण आपल्या शेडसाठी एवढं पक्कं धरा, की खालची फरशी उखडलेली असताना वरच्या गोष्टी करायला जाऊ नका.

म्हणजे पगार ठरलेल्या तारखेलाच, आणि उशीर होणार असेल तर आधी सांगून. पगाराची स्लिप मराठीत, ओटीचे (जादा कामाचे) तास, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), उचल किती कापली हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. ओटीचा दर कायद्यानं दुप्पट आहे, तो दुप्पटच द्या. बायकांसाठी वेगळा, कडी लागणारा, पाणी असलेला संडास नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो आधी बांधा, कारण आठ तास पाणी न पिता काम करणाऱ्या बाईला तुमच्या सत्काराचं काय करायचंय. कंत्राटी कामगाराला चहाचा कप वेगळा, बसायची जागा वेगळी, हे कुठं चालू असेल तर आजच्या आज बंद.

वाईट बातमी द्यायची वेळ आली तर कशी द्यायची यावर अमेरिकन संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. ऑर्डर गेल्यामुळं एका कंपनीनं दोन कारखान्यांत काही आठवडे १५ टक्के पगार कापला. एका ठिकाणी वरिष्ठांनी येऊन सविस्तर कारण सांगितलं, आकडे दाखवले, मनापासून खेद व्यक्त केला, दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात उरकलं. चोऱ्या दोन्हीकडं वाढल्या, पण थोडक्यात उरकलेल्या कारखान्यात खूपच जास्त, आणि तिथून सोडून जाणारेही जास्त निघाले. पगार दोघांचा तेवढाच कापला होता. म्हणून बोनस कमी बसणार असेल तर नोटीस चिकटवून पळू नका, समोर जाऊन सांगा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: कामाचा ताबा त्याच्या हातात द्या

१९७९ मध्ये अमेरिकन संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी दाखवलं की नुसत्या कामाच्या ओझ्यानं माणूस मोडत नाही, ओझं जास्त आणि ठरवायचा अधिकार काहीच नाही असं झालं की मोडतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यातही ज्यांच्या हातात आपल्या कामाचा ताबा कमी त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. म्हणजे हा नुसता मूडचा विषय नाही, तब्येतीचा आहे. दिवसभर "सांगितलं तेवढंच कर" ऐकणारा माणूस खरोखर आजारी पडू शकतो.

विट्याच्या यंत्रमागवाल्यांना जवळचं वाटेल असं एक उदाहरण अहमदाबादचं आहे. १९५३ साली कॅलिको मिलमध्ये कामाच्या जागेचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले होते. तिथं नवीन ऑटोमॅटिक माग बसवले तरी कापडाची प्रत आणि उत्पादन म्हणावं तसं येईना. बघितलं तर कामाचे इतके तुकडे केलेले, एक फक्त सूत जोडणार, एक फक्त बॉबिन भरणार, एक फक्त तेलपाणी, की पूर्ण मागाची जबाबदारी कोणाचीच नाही. मग ठराविक मागांवर एक छोटा गट आणि त्या मागांचं सगळं त्या गटानंच बघायचं अशी कल्पना मांडली. ती कामगारांनी लगेच उचलली आणि आपापले गट स्वतःच बनवले. घडी बसेपर्यंत थोडे दिवस त्रास झाला, पण नंतर उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं तीच, माग तेच होते.

आता आपल्याकडे हे कसं करायचं. एका विभागापासून सुरुवात करा, समजा सीएनसीच्या (संगणकानं चालणाऱ्या) चार मशीन आणि त्यावरची दोन शिफ्टची माणसं. त्यांच्यासोबत बसून रोजच्या निर्णयांची यादी काढा: टूल कधी बदलायचं, पहिला पीस कोणी तपासायचा, कुठला जॉब आधी लावायचा, शिफ्टची अदलाबदल, चहाला कोण कधी जाणार, रजा कोणाला आधी. यातला प्रत्येक निर्णय आज कोण घेतो ते समोर लिहा, बहुतेक ठिकाणी सुपरवायझरचं किंवा मालकाचं नाव येईल. त्यातले तीन निवडा आणि लेखी त्या गटाला देऊन टाका. माझ्या मते त्यात एक हमखास असावा, माप चुकतंय असं वाटलं की मशीन थांबवायचा अधिकार, आणि थांबवल्याबद्दल कोणी ओरडणार नाही याची खात्री. दुसरा शिफ्टच्या अदलाबदलीचा, दोघांनी आपसात ठरवायचं, वहीत लिहायचं, झालं.

दिल्यावर परत घेऊ नका. पहिल्या महिन्यात काहीतरी चुकणारच, एखादं टूल उशिरा बदललं जाईल, एखाद्या शिफ्टला माणूस कमी पडेल, आणि मालकाचा हात शिवशिवतो की द्या इकडं, मीच बघतो. तिथं थांबायचं. काय झालं आणि पुढं काय करायचं ते गटालाच विचारा. या एका पायरीवर तीन महिने गेले तरी चालतील, पण ही वगळून पुढच्या केल्या तर त्यांना काही अर्थ राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथं: सुपरवायझर

नोकरी कागदावर कंपनीची असली तरी रोजचा संबंध सुपरवायझरशी. आपण काय करतो, सगळ्यात चांगला टर्नर असेल त्याला सुपरवायझर करतो, आणि माणसं कशी सांभाळायची हे एक दिवसही शिकवत नाही. मग त्याला जसं शिकवलं गेलं तसंच तो शिकवतो, चारचौघांत आवाज चढवून.

त्याला तीन सवयी लावा. चूक झाली तर बाजूला घेऊन बोलायचं, लाईनवर नाही. बोलताना "कोणी केलं" याच्या आधी "कुठं बिघडलं" विचारायचं. आणि "मलाही नीट माहीत नाही, बघू आपण" असं म्हणता आलं पाहिजे. अमेरिकन संशोधक ॲमी एडमंडसन हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या, तेव्हा उलटंच दिसलं, ज्या वॉर्डात प्रमुख चांगली आणि वातावरण मोकळं तिथं चुकांची नोंद जास्त. कारण तिथल्या नर्स चूक झाली तर सांगत होत्या, बाकी ठिकाणी झाकत होत्या. पुढं १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या टीम अभ्यासून त्यांनी दाखवलं की जिथं बोलायची भीती नाही तिथं टीम जास्त शिकते. मिरजेतल्या हॉस्पिटलवाल्यांनी तर हे फार मनावर घ्यावं. आणि फाउंड्रीवाल्यांनी पण, कारण भीती असली की रिजेक्शनचा (नापास झालेला) पीस गुपचूप भंगारात जातो आणि तीच चूक पुढच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या पुढच्या खेपेत, परत येते.

सुपरवायझरलाच वरून शिव्या बसत असतील तर त्याच्याकडून हे होणार नाही, हे मालकांनी आधी बघावं.

पाचवं: किंमत आहे हे कळू द्या

"छान काम" याचा फारसा उपयोग होत नाही. "काल रात्री बेअरिंगचा आवाज तुला आधी कळला, म्हणून स्पिंडल वाचला" याचा होतो. नाव घेऊन, नेमकं, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी वगैरे फोटो लावू नका असं मी सांगतो, एक खूश होतो आणि बाकीचे "त्याचंच चालतंय" म्हणतात.

जर्मन संशोधक योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलंय की माणूस जेवढा जीव लावतो त्या मानानं परतावा मिळाला नाही की तब्येतीवर परिणाम होतो, आणि परतावा म्हणजे पैसा, मान आणि पुढं जायची संधी व नोकरीची शाश्वती. तिसरी गोष्ट छोट्या युनिटमध्ये कायम राहून जाते. हेल्परला माहीतच नसतं की ऑपरेटर कधी होणार. म्हणून भिंतीवर एक तक्ता लावा, उभ्यात नावं, आडव्यात कामं, कोणाला काय येतं, कोण काय शिकतोय, आणि कुठल्या पायरीला पगार किती वाढतो. साताऱ्याच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका रुजवलं, तर कामावरच्या पोराला आयटीआय किंवा डिप्लोमाच्या परीक्षेला सुट्टी देणं आणि फीला हातभार लावणं आपल्याला जड वाटू नये.

आणि बोलवायचं नावानं. वयानं मोठ्या माणसाला कालच आलेल्या इंजिनिअरनं अरे-तुरे करायचं नाही, त्यांना मामा म्हणा, काका म्हणा, बाईंना मावशी, ताई म्हणा, जे तिथं चालतं ते, पण अहो-जाहो पाहिजेच.

सहावं: शरीर आणि गावचं कॅलेंडर

शिफ्ट फिरवताना क्रम फर्स्ट, सेकंड, नाईट असा पुढं पुढं ठेवा, उलट फिरवलं तर झोपेला जास्त त्रास होतो. सेकंड करून लगेच सकाळी फर्स्टला बोलवू नका, मध्ये निदान अकरा-बारा तास पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये भट्टीजवळ नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका, गरमीची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, सुट्टीवरून परत आलेल्यालाही हेच लागू.

आपल्याकडचा कामगार निम्मा शेतकरी असतो हे मान्य करूनच बसा. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी, उन्हाळ्याच्या तोंडाला बेदाणा, ऊस तुटायला लागला की घरी माणूस पाहिजे, आषाढीची वारी, प्रत्येक गावची जत्रा वेगळ्या दिवशी. दरवर्षी त्याच आठवड्यांत दांड्या पडतात आणि दरवर्षी आपण चिडतो. त्यापेक्षा दिवाळीनंतर सगळ्यांना बसवून वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर भरा, कोणाची जत्रा कधी, कोणाची बाग कधी, मग कोण कोणाची पाळी सांभाळणार ते त्यांचे तेच ठरवतात.

पुराचंही आधीच ठरवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीनं काय बघितलं ते सांगायला नको. घरात पाणी शिरलेल्या माणसाला त्या दिवसांचा पगार मिळणार का, उचल किती मिळणार, कोणाला फोन करायचा, हे पावसाळ्याआधी कागदावर असावं. संकटात मालक कसा वागला हे माणूस कधीच विसरत नाही.

सातवं: कोणी आतून खचलं असेल तर

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट म्हणजे कामाच्या न सावरलेल्या ताणातून येणारी अवस्था असं म्हटलं, खूप थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि हातून काम नीट होत नाही अशी भावना. नेहमी वेळेवर येणारा माणूस उशिरा यायला लागला, डबा एकटाच खायला लागला, चिडचिड वाढली, दारूचा वास यायला लागला, तर तिथंच मेमो देऊ नका. बाजूला घ्या, जे दिसलं तेवढंच सांगा, "दोन आठवडे झाले तुम्ही गप्प गप्प असता, सगळं ठीक आहे ना?" आणि थांबा. सल्ले नकोत, डॉक्टर होऊ नका, आणि ऐकलेलं शेडभर करू नका. काही दिवस हलकं काम किंवा मशीनऐवजी दुसरी जागा देता येते का बघा. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाईन १४४१६ ही २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, हा नंबर नोटीस बोर्डवर आणि कँटीनमध्ये मोठ्या अक्षरात लावा. जीव द्यायची भाषा कोणी केली तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. नुसती फाईलला समिती ठेवू नका, नावं भिंतीवर लावा.

आठवं: मोजा

चार आकडे वहीत ठेवा, बास. न सांगता पडलेले खाडे, पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेलेली माणसं, रिजेक्शन, आणि "थोडक्यात वाचलो" अशा घटनांच्या नोंदी. यातला शेवटचा आकडा सुरुवातीला वाढेल, आणि तो वाढला तर घाबरू नका, लोक बोलायला लागलेत म्हणून वाढलाय. पहिल्या तीन महिन्यांतली गळती जास्त असेल तर नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एक जुना जोडीदार लावून द्या, डबा कुठं खायचा, साहेबांना काय विचारायचं, हे तोच सांगेल.

आणि तरीही कोणी निघाला तर त्याचा हिशोब लगेच पूर्ण करा, पीएफचे कागद स्वतःहून द्या, अनुभवाचा दाखला अडवून धरू नका. जाताना चहा पाजून विचारा, कुठल्या दिवशी ठरवलं की इथून जायचं. त्या वेळी माणूस खरं बोलतो, कारण आता त्याला भीती नसते. त्यानं सांगितलेला दिवस आणि त्या दिवशी शेडमध्ये काय घडलं होतं ते वहीत लिहून ठेवा.